कोन ऱ्हायलं का भाईर

गिनी कोंबडीइतकं मूर्ख पाखरू देवानं दुसरं घडवलेलं नाही, असं निवृत्तीचं ठाम मत होतं. आणि हे मत काही बसल्या जागी बनलेलं नव्हतं. तीन वर्षं रोज त्यांच्या मागं पळून पळून बनलं होतं. अंगावर ठिपक्यांचा एवढा सुरेख झगा, आणि वर डोकं बघावं तर सुपारीएवढं, टक्कल पडलेलं. त्या डोक्यात एकच गोष्ट मावायची, आरडाओरडा. कुत्रं दिसलं की ओरड. विमान गेलं की ओरड. रहमाननं नवी लुंगी नेसली की ओरड. एकदा तर दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर बघून चौदाच्या चौदा गिनींनी अर्धा तास अख्खी शेती डोक्यावर घेतली होती.

पण मालकाला, म्हणजे मजीदला, त्या हव्याच होत्या. त्याला कारणही तसंच होतं.

मजीदची शेती आखातातल्या अल रुवैसच्या अलीकडं, समुद्रापासून कोसभर आत. शेती म्हणायची आपली. दोन विहिरी, खजुराची चाळीसेक झाडं, टोमॅटोचे वाफे, थोडा लसूणघास, आणि चारी बाजूंना नुसती वाळू. माणसं दोनच. रहमान रत्नागिरीकडचा, जयगड खाडीच्या काठचा. तो स्वयंपाक करायचा आणि आठवड्यातून एकदा पिकअपमधून भाजी दोह्याला पोचवायचा. निवृत्ती माण तालुक्यातला. १९७४ साली पंपाचा फिटर म्हणून आला. करारात लिहिलं होतं, दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. कोंबड्यांचा त्या करारात कुठं उल्लेखही नव्हता.

पण एकदा मजीदनं शंभर कोंबड्या आणल्या, आणि निवृत्तीच्या तोंडून निघून गेलं, की आमच्या घरी आई कोंबड्या पाळते. झालं! खुराडं बांधायचं काम याच्याच गळ्यात पडलं. त्यानं ते गावाकडच्यासारखं बांधलं. कमरेएवढ्या दगडी भिंती, वर पत्रा, तोंडाला फरशी. आईचं खुराडं असंच होतं आणि त्यातली कोंबडी कधी कुणी नेली नव्हती. आता गावाकडं खाली मुरूम असतो, टिकाव मारला तर ठिणगी उडते. इथं खाली वाळू. हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. तिकडं एक लांब कानांचा बारका कोल्हा असतो, आपल्याकडच्या खोकडासारखा. त्या खोकडानं भिंतीखालून बोगदा केला. सकाळी निवृत्तीनं फरशी सरकवली तर आत सतरा कोंबड्या मरून पडलेल्या. खाल्ली एकच होती. बाकीच्या नुसत्याच मारलेल्या.

मग त्यानं डोकं चालवलं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला जमिनीवर हातभर जाळी आडवी पसरली, वर दगड ठेवले. खोकड भिंतीपाशी येऊन उकरायला लागलं की नखं जाळीत अडकायची. हातभर मागं सरकून उकरावं, हे त्याला काही सुचत नव्हतं. उंदरांसाठी आणि भटक्या मांजरांसाठी गुडघ्यापर्यंत बारीक जाळी मारली. पिल्लं बुडू नयेत म्हणून पाण्याच्या परातीत खडे टाकले. मजीद खूश झाला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की गिनी कोंबड्या राखणीला कुत्र्यापेक्षा बऱ्या. म्हणून त्यानं दोह्याहून चौदा गिनी आणल्या.

राखण त्या करायच्या, नाही असं नाही. खोकड लांबवर कुंपणापाशी नुसतं फिरकलं तरी त्यांना कळायचं. पण त्यांची राखण कुणी करायची? संध्याकाळ झाली की साध्या कोंबड्या निमूट खुराड्यात शिरतात. या बया पंपघराच्या पत्र्यावर जाऊन बसायच्या, नाहीतर कुठल्यातरी झुडपाखाली चोरून अंडी घालून तिथंच ठाण मांडायच्या. आणि एरवी चादरीला ओरडणारी बया, पण अंड्यांवर बसली की तोंडातून चकार शब्द काढायची नाही. खोकडाला तेवढंच पाहिजे. सकाळी झुडपाखाली ठिपक्यांची पिसं आणि चार फुटकी अंडी. पिल्लं वाढून आकडा पुन्हा चौदावर यायचा, एवढंच.

म्हणून दिवस बुडायच्या आत एकूण एक गिनी आत घ्यावी लागायची. आणि ते जमायचं एकट्या निवृत्तीला. तो बाजरीचं घमेलं घेऊन खुराड्याच्या दाराशी बसला की दहा मिनिटांत सगळ्या रांगेनं आत. मजीद पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचा. "ये निवृत्ती, नंबर वन," असं म्हणून पाठीवर थाप मारायचा.

त्या थापेनंच घात केला. दोन वर्षं भरली तेव्हा निवृत्तीनं सुट्टी मागितली. "छुट्टी माफी," मजीद म्हणाला. माफी म्हणजे नाही. तू गेलास तर पाखरं कोण बघणार? पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. पुढच्या वर्षी पिल्लं निघाली होती. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं. माणसानं एखादं काम चांगलं केलं की त्याला त्याच कामाला बांधून घालतात, हे निवृत्तीला कळलं तेव्हा पाच वर्षं झाली होती. पासपोर्ट मजीदच्या कपाटात होता. मजीद वाईट माणूस नव्हता हो. ईदला कापड द्यायचा, ताप आला तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा. पण सुट्टीचं नाव काढलं की माफी.

त्या पाच वर्षांत निवृत्तीची आई गेली. सत्त्याहत्तर साली, गौरीच्या दिवसांत. तार इथं पोचायला आठ दिवस लागले. गिनींची पिल्लं तेव्हा तीन आठवड्यांची होती. निवृत्तीनं तार वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि बाजरीचं घमेलं उचललं. रहमान म्हणाला, "अरे, आज नको जाव. मी बघतंय." तर हा म्हणाला, "तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं." आणि खरंच रहमानला ते जमलं नसतं.

आईची एकच खूण त्याच्याजवळ होती. एक कॅसेट.

पारूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, लिहितावाचता येत नव्हतं. शेजारच्या गावचा शहाजी दोह्यात ड्रायव्हर होता. तो पंच्याहत्तर साली सुट्टीवर गेला तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन निवृत्तीच्या घरी गेला आणि पारूबाईला म्हणाला, बोला वहिनी, काय बोलायचं ते. बिचारी आधी लाजली. मग बोलत सुटली. पत्रा बदलला. म्हैस गाभण हाय. पोरगी आता भिंत धरून चालती. मग मध्येच दिवस मावळायला आला आणि सासूबाईंना, लक्ष्मीबाईंना, कोंबड्यांची आठवण झाली. टेप चालू आहे याचं त्यांना काय! त्या बाहेर गेल्या आणि हाका मारायला लागल्या. ते सगळं टेपेत उतरलं होतं. "या गं, या गं... ती-ती-ती-ती... या गं बायांनू, या..." मग पंखांची फडफड, फरशी सरकवल्याचा आवाज, आणि शेवटी लक्ष्मीबाईंचा दमलेला स्वर, "आल्या का समद्या? का कोन ऱ्हायलं भाईर?" मग पारूबाई पुन्हा सुरू. "हां, तर काय सांगत हुते..."

ही टेप निवृत्ती रोज संध्याकाळी लावायचा. दिवसभर उन्हात पंपाशी झटून अंग आंबलेलं असायचं. खुराड्याच्या दाराशी खाटेवर रेकॉर्डर ठेवायचा, बटन दाबायचा, आणि बाजरी टाकत बसायचा. बायकोला आणि आईला ऐकत ऐकत पाखरं आत जायची.

"अरे मेल्या, दुसरी आण की कसली टेप!" रहमान चुलीपाशी बसून ओरडायचा. "तुझ्या म्हशीला आतापर्यंत चार वेतां झाली असतील, टेपात अजून गाभणच हाय ती." निवृत्ती बाजरीची आणखी एक मूठ टाकायचा.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये मात्र त्याच्या मनानं घेतलं, आता नाही म्हणजे नाही. घरून पत्र आलं होतं, मास्तरांच्या हातचं. पारूबाईनं लिहवून घेतलं होतं, की येताना ती टेप तेवढी आणा. पोरगी विचारते आजी कशी बोलायची. घरात आत्याबाईंचा आवाज न्हाय. मला पण नीट आठवत न्हाय आता.

ते शेवटचं वाक्य निवृत्तीनं चारदा वाचलं. मग तो सरळ मजीदसमोर जाऊन उभा राहिला. या खेपेला त्यानं विनवणी केली नाही. मी दमलोय, एवढंच म्हणाला. काय झालं कुणास ठाऊक, मजीदनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि एक अट घातली. रुवैसच्या धक्क्यावर चुलतभावाच्या बोटीचं इंजिन बिघडलंय. चार दिवस तिथं जाऊन राहा. इथं रहमान बघेल. चार दिवसांत एकही पाखरू गेलं नाही तर पासपोर्ट तुझ्या हातात. गेलं, तर पुढच्या ईदपर्यंत तोंड उघडायचं नाही.

निवृत्तीनं रहमानला सगळं शिकवलं. घमेलं कुठं ठेवायचं, बाजरी किती, कुठं बसायचं. हाक कशी मारायची तेही सांगितलं. रहमाननं मान डोलवली. निवृत्तीनं पिशवीत दोन कपडे, रेकॉर्डर आणि कॅसेट टाकली आणि तो गेला.

पाचव्या दिवशी दुपारी परतला तर रहमान दारातच बसला होता. वर बघायला तयार नव्हता.

"किती?" निवृत्तीनं विचारलं.

"दोन गिनी. नऊ पिल्लां. तुझ्या पायाची शपथ, सगळा केला मी. बाजरी टाकली. तुझ्यासारखाच बसलो. ती-ती केला, या-या केला. माझ्याकडे बघून नुसत्या ओरडत होत्या. पत्र्यावर जाऊन बसल्या त्या चार दिवस खालीच आल्या नाय. खाली पिल्लांपाशी दोघी होत्या, त्या गेल्या."

मजीद सकाळीच येऊन पिसं बघून गेला होता. खलास म्हणाला होता.

निवृत्ती रागावला नाही. रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो. संध्याकाळ झाली तेव्हा त्यानं घमेलंही उचललं नाही. म्हणाला, जाऊ देत मसणात. खाटेवर आडवा झाला, सवयीनं रेकॉर्डर उशाशी घेतला आणि बटन दाबलं. पारूबाई पत्र्याचं सांगायला लागली.

पंपघराच्या पत्र्यावर एक गिनी उठून उभी राहिली. मग दुसरी. टेपेत लक्ष्मीबाई बाहेर गेल्या, "या गं, या गं" सुरू झालं, आणि पत्र्यावरून बाराच्या बारा गिनी धपाधप खाली उतरल्या. माना पुढं काढून, रांगेनं, खाटेवरून लोंबणाऱ्या निवृत्तीच्या पायांना घासत त्या खुराड्यात शिरल्या. एक दाणा टाकलेला नव्हता. "आल्या का समद्या?" लक्ष्मीबाईंनी विचारलं तेव्हा आत नुसती कुजबुज चालू होती.

रहमान हातात उलथनं घेऊन उभा होता. "अरे," तो म्हणाला, "त्या तुझ्या नव्हत्याच कधी. त्या तुझ्या आईच्या कोंबड्या हत."

निवृत्तीला हसावं की रडावं कळेना. तीन वर्षं त्याला वाटत होतं, पाखरं आपलं ऐकतात. पाठीवर थापा त्यानं खाल्ल्या होत्या, आणि काम मात्र आई करत होती.

त्यानं मजीदला गाठलं. यापुढं माझी गरज नाही, टेप लावली की पाखरं जातात, स्वतः येऊन बघा, म्हणाला. मजीद आधी हसला. मग म्हणाला, बघू. उद्या संध्याकाळी मी येतो. तू फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहायचं. आत पाऊल टाकलंस तर पुन्हा माझ्याकडं यायचं नाही. पासपोर्ट मी सोबत आणतो.

आता प्रश्न राहिला टेपेचा. दोन महिने ती रोज वाजवायची म्हणजे ती इथंच ठेवायची. घरचं पत्र आलं तेव्हाच रहमान दोह्यातल्या कॅसेटच्या दुकानात दुसरी प्रत काढायला म्हणून ती घेऊन गेला होता. दुकानदारानं फीत उजेडात धरून बघितली होती. बाकी ठीक आहे, पण मधला भाग फार झिजलाय, माझ्या मशीनमध्ये तुटली तर मला बोलू नका, म्हणाला. रहमान तशीच परत घेऊन आला होता.

झिजलेला भाग कोणता, हे विचारायची गरजच नव्हती. रोज मागं फिरवून निवृत्ती तोच ऐकायचा. आणखी दोन महिने, म्हणजे आणखी साठ संध्याकाळी. परत येईपर्यंत आई त्या फितीवर राहील की नाही कोण जाणे.

"तू न्हेतंस की ठेवतंस?" रहमाननं विचारलं.

"ठिवतो." निवृत्तीनं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. "न्हेली तर मी जात न्हाय. आन म्याच गेलो न्हाय तर टेप घरी जाती कशी? पारूला काय सांगायचं ते सांगंन." मग एकदम त्याला भडभडून आलं. "कोंबड्यांपायी आईचं तोंड बघायला मिळालं न्हाय रं. आता आवाज बी कोंबड्यांनाच दिऊन चाललोय."

रहमाननं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तसा मजीद आला. पांढऱ्याशुभ्र झग्यात खुर्ची टाकून बसला. निवृत्ती फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मध्ये खजुराची रांग. त्याला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

बटन दाबल्याचा आवाज आला. पारूबाई बोलायला लागली. पत्रा, म्हैस, भिंत धरून चालणारी पोरगी. मग लक्ष्मीबाई बाहेर गेल्या. "या गं, या गं..." पत्र्यावर पायांची टकटक सुरू झाली. उतरतायत, निवृत्ती मनात म्हणाला. उतरा गं बायांनो, आज तेवढ्या उतरा.

आणि लक्ष्मीबाईंचा आवाज एकदम लांबला. जाड झाला. "याऽऽ... गंऽऽ..." एखाद्या दारुड्यासारखा घोगरा झाला, आणि बंद पडला.

सेल! निवृत्तीनं कपाळावर हात मारला. रुवैसला चार रात्री त्यानं टेप उशाशी लावून झोप काढली होती, आणि नवे सेल घालायचे राहून गेले होते. तो घोगरा आवाज ऐकून गिनींनी गिल्ला केला. सगळ्या उलट्या फिरल्या. पंख फडफडले, पत्रा वाजला, मजीद खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. निवृत्तीचा पाय फाटकाच्या आत पडायलाच आला होता. त्यानं फाटकाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आत गेलं तर सुट्टी गेली. नाही गेलं तरी गेली.

तेवढ्यात हाक आली.

"या गं... या गं... ती-ती-ती-ती... या गं बायांनू, याऽऽ..."

टेप नव्हती ती. टेपेत खरखर असायची, ही मोकळी हाक होती. पण तोच हेल. "या" म्हणताना आई शेवटी श्वास सोडायची, तसाच सोडलेला. "बायांनू"वर तसाच जोर. माणदेशातली म्हातारी जशी तिन्हीसांजेला अंगणात उभी राहून बोलावते तशी ती हाक, आणि मारत होता खाडीकाठचा रहमान, हातात उलथनं घेऊन.

ओरडा थांबला. पुन्हा टकटक. एक धप्प. मग धपाधप धपाधप. मग खुराड्याची फरशी सरकली.

"यल्ला!" मजीद आतून ओरडला. त्याला हसू आवरत नव्हतं. "खलास, निवृत्ती! छुट्टी, छुट्टी!"

निवृत्ती आत आला तेव्हा पासपोर्ट खाटेवर ठेवलेला होता. त्यानं तो उचललाही नाही. रहमानकडं बघत राहिला.

"कवा शिकलास?"

"शिकतंय कशाला?" रहमान वैतागून म्हणाला, पण डोळे पुसत होता. "तीन वर्षां रोज ऐकतंय. त्या टकल्या कोंबड्यांना कळला, मला नाय कळणार? तेव्हा तू सांगितलास तशी हाक मारली, म्हणून फसलो. तुला ती येतच नाय. तुझ्या आईची मारायची होती." त्यानं रेकॉर्डर उघडून कॅसेट काढली आणि निवृत्तीच्या खिशात कोंबली. "ही घरी न्हे. इथे मी हाय."

निघायला आणखी तीन दिवस गेले. मजीदचा पुतण्या संध्याकाळी गाडी घेऊन आला. रहमानला फाटकापर्यंत यायला सवड नव्हती, गिनी आत घ्यायची वेळ झाली होती. निवृत्ती गाडीत बसला. मांडीवर पिशवी, पिशवीत कॅसेट. तो इतका दमला होता, की बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. गाडी सुरू झाली, तशी मागून हाक सुरू झाली. "या गं, या गं..." फडफड झाली. फरशी सरकली.

आणि मग रहमाननं, कुणी सांगितलं नसताना, टेपेत होतं तसं शेवटपर्यंत म्हटलं.

"आल्या का समद्या? का कोन ऱ्हायलं भाईर?"

निवृत्तीनं खिडकीतून मागं वळून बघितलं.

"म्या ऱ्हायलोय की, आये," तो म्हणाला. "निघालोय बघ आता."